बोट वर गेलं की

५ नोव्हेंबर

छोटे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. तुझी वहिनी माझ्यावर नेहमीइतकीच नाराज आहे, म्हणजे घरात सगळं ठीक चाललंय. फोन केला नाही, कारण हल्ली लाइन फार खराब लागते, आणि तूही तोंडात घास असल्यासारखी बोलतेस. शिवाय विषय कवितेचा आहे. या वयात मी फोनवर कविता म्हणायला लागलो तर तुझ्या वहिनीला भलताच संशय यायचा.

तर झालंय असं. वर्कशॉपला यंदा पंचवीस वर्षं होतायत. मी म्हटलं, एक स्मरणिका काढू. नुसत्या जाहिराती आणि माझे हसरे फोटो नकोत. प्रत्येकानं मनात येईल ते लिहून द्यायचं, मी एक अक्षर बदलणार नाही. हौस बघ माझी. वेल्डरनं विनोद दिले, त्यातले निम्मे छापता येणार नाहीत. ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्या मांजरावर निबंध लिहिला. आणि गप्प्यानं कविता दिली.

गप्प्या म्हणजे माझा हेड मेकॅनिक, तू त्याला बघितलंयस. दिवसभरात जेवढं बोलतो त्यात 'पाना दे' आणि 'सरक' हे दोनच विषय. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. मशीन कसं ऐकायचं ते मीच त्याला शिकवलं. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, तरी कवितेसाठी पुन्हा सांगतो. लिफ्ट ओढणारं मशीन दुरुस्त झालं की आम्ही ते शेडमध्ये चालवून बघतो. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो आणि एक बोट वर करतो. बोट वर गेलं की शेडमधलं बाकी सगळं बंद. आत एखादं बेअरिंग बारीकसं कण्हत असेल तरी मला कळतं. नसेल कण्हत, तर मी म्हणतो "शांत आहे" आणि खडूनं खूण करतो. माझी खूण झाली की ते मशीन परत कुणी उघडत नाही. पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. लोक आम्हाला काम देतात ते याच कानांवर.

आता कविता. जशी आहे तशी उतरवतो.

*आमच्यात एक जण देव होता.*
*त्याला फुलं लागत नसत, एक स्क्रू-ड्रायव्हर पुरे.*
*टोक लोखंडावर, मूठ कानामागे,*
*आणि बोट वर गेलं की*
*आख्खी शेड श्वास धरून उभी.*
*तो म्हणायचा, आत कुणीतरी रडतंय, बाहेर काढा त्याला.*
*आम्ही उघडायचो, आणि खरंच असायचं.*

*अजून बोट वर जातं.*
*अजून आम्ही थांबतो.*
*तो म्हणतो, शांत आहे.*
*आणि आम्ही त्याच्याकडे बघत नाही,*
*एकमेकांकडे बघतो.*

*घरी जाताना कुणी कुणाशी बोलत नाही.*
*ज्यानं ऐकायला शिकवलं*
*त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं*
*की आम्हाला ऐकू येतंय.*

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, किती छान, अगदी भक्तीची आहे. वेल्डर म्हणाला, प्रेमभंगाची आहे, त्याला अनुभव आहे. मी मात्र ती दोनदा वाचली. 'देव होता' यातला 'होता' मला बोचतोय. मी अजून आहे की, रोज सकाळी येतो, सगळ्यांच्या आधी. मग झालं काय?

तू जन्मभर पोरांना कविता शिकवल्यास. नीट अर्थ लावून कळव. माझ्यावर माया करू नकोस, अर्थ सांग. मजकूर छापखान्यात जायचाय आणि ही कविता घालू की गाळू हे मला कळत नाही.

दादा

९ नोव्हेंबर

दादा,

तुझं अक्षर पाकिटावर बघून मला वाटलं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आलंय. कविता वाचली. चांगली आहे. गप्प बसणाऱ्या माणसांच्या आत एवढं असतं म्हणून तर ती गप्प असतात.

अर्थ विचारलास. आता ऐक. कवितेतला 'तो' म्हणजे अमुक एक माणूस असं समजून वाचू नये, हे मी पोरांना पहिल्याच तासाला सांगते. लहानपणी आपल्याला कुणीतरी आभाळाएवढं वाटतं. मग आपणच वाढतो, आणि ते माणूस आपल्या उंचीचं दिसायला लागतं. त्यात त्याचा दोष काही नसतो. वाढण्याचं ते दुखणं आहे. 'एकमेकांकडे बघतो' म्हणजे आता आम्ही एकमेकांचा आधार घेतो, देवाची गरज उरली नाही, असं. 'आम्हाला ऐकू येतंय' म्हणजे आम्ही तयार झालो. शिष्य तयार झाला हे त्यानं गुरूला संकोचानं कळवलंय. तू उलट खूश व्हायला पाहिजेस. छाप खुशाल.

एक सहज विचारते. तुझी खूण झाल्यावर मशीन खरंच कुणीच बघत नाही? गप्प्यासुद्धा नाही? काळ बदललाय, हल्ली ऐकण्याचीही यंत्रं मिळतात म्हणे. आणि तू शेवटचा डॉक्टरकडे कधी गेला होतास? सगळंच एकदा तपासून घ्यावं आपल्या वयात. मी परवाच डोळे दाखवून आले.

नात रोज दारात उभी असते. तू मागे इथे आलास तेव्हा तिला कुत्रा कबूल केलास म्हणे. आठवतंय का?

छोटी

१४ नोव्हेंबर

छोटे,

तुझं उत्तर वाचलं. परीक्षेत नापास होणाऱ्या पोराच्या बापाला मास्तरीणबाई जसं समजावतात, तसं आहे. 'वाढण्याचं दुखणं' काय, 'संकोचानं कळवलंय' काय. मी चौथीत शाळा सोडली, पण माणसं इतकी वर्षं ऐकतोय. सांगताना कुणाचा पाय कुठे अडखळतो ते मला कळतं. तू 'माणूस आपल्या उंचीचं दिसतं' म्हणालीस. मग घरी जाताना ते गप्प का असतात? शिष्य तयार झाला तर तो शीळ घालत घरी जाईल की मयताहून परतल्यासारखा?

कुत्रा कसला? मी काहीही कबूल केलेलं नाही. पोरीनं स्वप्न बघितलं असेल.

मी माझा अर्थ लावलाय. लिहवत नाही, पण लिहितो. 'तो म्हणतो, शांत आहे', 'आम्हाला ऐकू येतंय'. म्हणजे आत आवाज आहे आणि मी तो दाबतो. माल लवकर बाहेर पडावा म्हणून खराब मशीनवर जाणूनबुजून खूण करतो. मी लबाड झालोय, असं तो म्हणतोय. ज्या माणसाला मी पाना धरायला शिकवला तो मला चोर म्हणतोय, आणि तेही माझ्याच स्मरणिकेत.

मी त्याला बोलावलं. चहा मागवला. म्हटलं, गप्प्या, कविता वाचली, कुणावर लिहिलीस? तो कपाकडे बघत बसला. मी म्हटलं, कुठल्या मशीनमध्ये आवाज होता, एक दाखव. तेव्हा त्यानं मान वर केली आणि म्हणाला,

"मालक, तुम्हाला काय दाखवायचं. तुम्हाला सगळं ऐकू येतं."

कसा म्हणाला म्हणून सांगू! टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो. पण हे असं, एखाद्याच्या तोंडावर दार हळूच लावून घ्यावं तसं. चहा तसाच ठेवून गेला.

मग मला राग आला. अगं, एवढं आहे तर माझ्या खुणेचं एक तरी मशीन परत यायला नको? गेल्या दोन वर्षांत एकही तक्रार नाही. एकही नाही. लबाडाची मशीनं अशी चालतात?

काल हॉस्पिटलचं मशीन तपासायला घेतलं. बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे, स्ट्रेचरची मोठी लिफ्ट. बोट वर केलं. सगळं थांबलं. आत काही नाही, दुरून ऐकू येणाऱ्या समुद्रासारखी नुसती गोड घरघर. मी म्हटलं, "शांत आहे." आणि या खेपेला मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. खरंच, छोटे, ते एकमेकांकडे बघत होते. वेल्डर, रंगारी, गप्प्या, सगळे. गप्प्या पुढे झाला आणि म्हणाला, मालक, हे आजच्या दिवस इथे राहू द्या. मी म्हटलं, का? तर खाली मान घालून पाना पुसायला लागला. मी खडूनं एवढी मोठी खूण केली की खडू मोडला, आणि माझ्या समोर मशीन ट्रकवर चढवलं. बसवायला दुसरी टोळी पाठवली, गप्प्याला नाही. सोमवारपासून लिफ्ट चालू होतेय.

गप्प्याला महिनाअखेर दुसरीकडे बघ म्हणून सांगणार आहे. देवळात देव नको असेल तर पुजाऱ्यानं तरी कशाला थांबायचं? तुझी वहिनी म्हणते घाई करू नका. ती हल्ली पुटपुटल्यासारखं बोलते, तिचंही मला धड कळत नाही.

कविता गाळतोय.

दादा

१९ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

हे पत्र जावयाच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, तो संध्याकाळच्या आत तुझ्या हातात देईल. वाचल्याशिवाय त्याला सोडू नकोस.

तुझं पत्र काल मिळालं. म्हणजे ती लिफ्ट काल सुरू झाली. ती थांबव. आजच. तुला काल तीनदा फोन केला. मी घसा फोडून सांगत होते, लिफ्ट थांबव, मशीन उघड. पहिल्यांदा तू म्हणालास "हो हो, मजेत". दुसऱ्यांदा म्हणालास "वहिनीला सांगतो". तिसऱ्यांदा "लाइन खराब आहे" म्हणून ठेवून दिलास. दादा, लाइन स्वच्छ होती. तुझ्या मागे वहिनी कपबशा विसळत होती ते मला इथे ऐकू येत होतं.

आता जे लिहिते ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुला ऐकू येत नाही. सगळंच नाही असं नाही. मोठं, जाड ते येतं. बारीक येत नाही.

तू इथे चार दिवस राहिलास तेव्हा मला कळलं. आमच्या दाराच्या घंटेत चिमणीचा आवाज आहे. तू तिच्याखाली बसून पेपर वाचत होतास आणि पाहुणे बाहेर ताटकळत होते. किटली तुझ्या हाताशी शिट्टी मारत होती, तू पान उलटलंस, पाणी आटून बूड जळलं. नातीनं तुझ्या मांडीवर बसून विचारलं, मामाआजोबा, मला कुत्रा आणाल का, आणि तू तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणालास, "हो हो, शाब्बास." तिला स्वप्न पडलेलं नाही.

आणि शेवटच्या दिवशी आपण गच्चीत बसलो होतो. शेजारच्या झाडावर पाखरांनी नुसता गोंधळ मांडला होता, बोलणं सुचू देईनात. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "तुझ्याकडे किती शांत आहे गं."

दादा, मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं नाही. जावयाकडे बघितलं.

तुझ्या पत्रातली कविता वाचली आणि मला ती गच्ची आठवली. म्हणून ते 'वाढण्याचं दुखणं' वगैरे लिहिलं. सगळं खोटं, एकेक वाक्य जुळवून केलेलं. ज्या कानांनी तू शून्यातून एवढं उभं केलंस, मला शिकवलंस, त्यांच्याबद्दल तुला कसं सांगणार? वाटलं, होईल हळूहळू, कुणीतरी सांगेल. पण त्या लिफ्टमधून आता बायका वरखाली जातायत.

गप्प्यानं तुला लबाड ठरवलं, हा तू लावलेला अर्थ बरोबर आहे. मला तो दिसत होता. पण त्यानं तसं का ठरवलं याचा विचार कर. त्याला आवाज ऐकू आला, तू म्हणालास शांत आहे. अशा वेळी कुणीही म्हणेल, म्हातारा बहिरा झाला. त्याच्या डोक्यात ते आलंच नाही. तुझे कान चुकतील हे त्याच्या कल्पनेत बसत नाही, म्हणून त्यानं तुझी नियत वाईट ठरवली.

तुझ्या ऑफिसात फोन करून हे परक्या माणसांना सांगायचं धाडस मला अजून होत नाही. पण आज रात्रीपर्यंत ड्रायव्हर तुझं उत्तर घेऊन आला नाही, तर मी सरळ हॉस्पिटलला फोन लावणार. मग तू जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

छोटी

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

छोटे,

तुझा ड्रायव्हर दारात उभा आहे म्हणून दोनच ओळी.

हे काय भलतंच? मला ऐकू येत नाही? या गावात कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर कुरकुरते ते मी रस्त्यावरून सांगतो. तुझी घंटा खराब असेल. किटलीचं म्हणशील तर मी पेपरात गुंतलो होतो. माणसाला वय होतं म्हणून लगेच...

मधे थांबलो होतो. वडिलांचं चावीचं घड्याळ मनगटावर आहे, तुला माहीत आहे. कानाला लावलं. बंद पडलंय. मग सेकंदाचा काटा बघितला.

चालतोय.

हॉस्पिटलला निघतो. फोन करू नकोस, मीच सांगतो त्यांना.

दादा

२३ नोव्हेंबर

छोटे,

आधी हे वाच. कुणाला काही झालं नाही. आता सावकाश लिहितो.

त्या संध्याकाळी आधी गप्प्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि बायकोला म्हणाला, माझी हत्यारांची पेटी आण. त्याला वाटलं मी त्याला काढायला आलोय आणि वर्कशॉपची हत्यारं परत मागतोय. मी म्हटलं, पेटी घे आणि गाडीत बस. तो बसला. वाटेत मी काय सांगायचं ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी वाक्य मधेच तुटत होतं. छातीत असं धडधडत होतं की तेवढं मात्र मला नीट ऐकू येत होतं.

हॉस्पिटलात खालीच लिफ्टपाशी थांबलो. लिफ्ट वरच्या मजल्यावरून निघाली होती. चालू लिफ्ट मधेच बंद करता येत नाही, ती खाली येईपर्यंत उभं राहायचं. तुला समजावं म्हणून सांगतो, ती कोसळत नाही, ब्रेक धरतो. पण बेअरिंग अडकलं तर दोन मजल्यांच्या मधे अडकते, आणि आत कुणी अडलेली बाई असेल तर पुढचं मला बोलवत नाही. मी दारावरचे आकडे बघत होतो. मधे एका आकड्यावर ती जरा जास्तच रेंगाळली. गप्प्यानं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत एक बाई होती आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं नुकतंच जन्मलेलं मूल. तोंड एवढं उघडून रडत होतं, जीभ थरथरत होती, लालबुंद झालं होतं. सगळ्या माणसांनी वळून बघितलं. मला आवाज आला तो तीन भिंतींपलीकडून आल्यासारखा.

तेव्हा मला तुझं सगळं पत्र खरं वाटलं.

व्यवस्थापकाशी भांडावं लागलं. तो म्हणाला, तुमचीच खूण आहे, तुम्हीच शांत म्हणालात, आता पेशंट काय पाठुंगळी न्यायचे? त्याचं चुकत नव्हतं. शेवटी दुसऱ्या छोट्या लिफ्टवर काम भागवायचं ठरलं. आम्ही गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो. दार लावलं. मी मशीन रिकामं चालू केलं. सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर लावला, बोट वर केलं. समोर एकटा गप्प्या. मला तोच समुद्र ऐकू आला, गोड, लांबचा.

मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. म्हटलं, आता तू ऐक.

त्यानं घेतला नाही. म्हणाला, "तुम्ही ऐकलंत ना."

"ऐकलं. मला शांत वाटतंय. तुला?"

तो माझ्याकडे बघायला लागला. एकमेकांकडे बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. म्हणाला, "मालक, याला हत्यार कशाला, दारात उभं राहून ऐकू येतंय. शिट्टी मारतंय ते."

"मला येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही. कधीपासून ते मला ठाऊक नाही. बहुतेक दोन वर्षं."

 मशीन फिरत होतं. मग तो अगदी हळू म्हणाला, ओठांवरून मला कळलं, "मुद्दाम नाही?"

"मुद्दाम नाही रे."

छोटे, आजवर मी कुणी बहिरं झाल्याचं ऐकून इतका आनंद झालेला माणूस बघितला नाही. तो ग्रीसच्या डब्यावर बसला. डोळ्यांना पालथे हात लावले, ते काळे झाले, तोंड काळं झालं. हसतोय की रडतोय काही कळेना. आणि तेच तेच म्हणत राहिला, "एवढंच ना मालक? ऐकू येत नाही, एवढंच?" जसं काही मी त्याला सांगितलं होतं की चष्मा लागलाय. मी वाटेत जे तोंडातून काढायला मरत होतो, ज्यासाठी तू पानभर खोटं लिहिलंस, ते त्याच्या लेखी 'एवढंच' होतं.

मशीन उघडलं. बेअरिंग बाहेर काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. मी फिरवलं. आत वाळू भरल्यासारखं बोटांना लागलं. जे कानांनी सांगितलं नाही ते बोटांनी लगेच सांगितलं. दोघांनी मिळून नवं बसवलं. काम चालू असताना मी विचारलं, बाकीची मशीनं का परत आली नाहीत? तो मशीनमध्ये डोकं घालून म्हणाला, तुम्ही घरी गेलात की आम्ही उघडायचो. खूण पुसायचो, दुरुस्त करायचो, परत खूण करायचो. तुमच्यासारखीच येते आता वेल्डरला. हे हॉस्पिटलचं तेवढं तुम्ही नजरेसमोर चढवलंत. मी म्हटलं, अरे, मी लबाड वाटत होतो तर माझ्यासाठी एवढं कशाला? तर म्हणाला, तुमच्यासाठी कुठे, तुम्ही शिकवलं होतंत म्हणून.

हे वाक्य मी तिथून घरी घेऊन आलोय. अजून खाली ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. सांगून झालं, तेव्हा वेल्डर म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमच्या पाठीमागे हळू बोलत होतो ते फुकटच. सगळे हसले. त्याचं ते बोलणं मी पूर्ण ऐकलं, त्याचा आवाज ट्रकसारखा आहे. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. यंत्र मिळणार आहे, पण बेअरिंगचं कण्हणं त्यात परत येईलच असं नाही म्हणाले. वाईट वाटलं. वाटणारच. माझ्याकडे दुसरी काही विद्या नव्हती.

खूण आता गप्प्या करतो. बोट मात्र मीच वर करतो, त्यांनी आग्रहच धरला. बोट वर जातं, शेड थांबते, गप्प्या ऐकतो, आणि सगळे त्याच्याकडे बघतात. मीही.

आता कवितेचं. गप्प्या आला आणि म्हणाला, ती परत द्या, मालक, सगळं खोटं लिहिलं गेलं. मी म्हटलं, खोटं काय त्यात? बोट वर गेलं, तुम्ही थांबलात, मी म्हणालो शांत आहे, तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला चोर समजून तू ती लिहिलीस हे खरं, पण कागदावर चोर कुठे आहे? दाखव. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. त्याला सापडला नाही. छोटे, तू अर्थ लपवलास, मी उलटा लावला, आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाच लागला नव्हता. एकटी कविता तेवढी शहाणी निघाली.

छापतोय. पहिल्याच पानावर, माझ्या फोटोच्या जागी. फक्त त्यानं एक बदल मागितला आणि मी एक अक्षर बदलणार नाही म्हटलं होतं, तरी दिला. पहिली ओळ आता 'आमच्यात एक माणूस होता' अशी आहे. मी म्हटलं, अरे, 'आहे' कर की. तो म्हणाला, कवितेत 'होता'च बरं वाटतं. असेल. तू ठरव, तुझा विषय आहे.

तुझ्यावर रागावलो होतो, पाकिटावर निम्मा पत्ता लिहीपर्यंत. मग आठवलं, लहानपणी मी खोटं बोललो की तू आईसमोर माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचीस, मला वाचवायला. तीच खोड. पुढच्या वेळी माझ्याकडे बघ.

आणि नातीला सांग, मी 'हो' म्हणालो होतो ते म्हणालो होतो. पुढच्या रविवारी घेऊन येतोय. चांगला थोराड, भरदार आवाजाचा बघितलाय. दुकानदार एक छोटं, गोंडस दाखवत होता. म्हणाला, हे फार गोड भुंकतं. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच, मला ऐकू येईल असा द्या.

दादा